प्लगइन स्कॅन होताना रीपर बंद पडतं तेव्हा: राजारामपुरीतल्या एका स्टुडिओचं प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. एक कंट्रोल रूम, एक व्होकल बूथ, आणि हलगी-ढोलकीसाठी भिंतींना घोंगडी लावून तयार केलेली बाहेरची खोली. भजनं, गणपतीची गाणी, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, निवडणूक लागली की उमेदवारांची गाणी असं काम तिथं वर्षभर चालतं. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काका म्हणतात. मशीनवर बसतो तो त्यांचा पुतण्या. स्टुडिओंचे संगणक लावून द्यायचे आणि बिघडले की बघायचे, हे माझं काम. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण शेवटी सापडलेलं कारण थेट आपल्या लिपीशी जोडलेलं आहे. मराठीत संगणक वापरणाऱ्या कुणाच्याही वाट्याला ते येऊ शकतं.

तक्रार

जुनं मशीन थकलं म्हणून काकांनी नवं घेतलं. दुकानदाराने विंडोज ११ टाकून, खातं तयार करून मशीन चालू स्थितीत आणून दिलं. पुतण्याने रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर टाकला आणि जुन्या मशीनवरचे प्लगइन, म्हणजे रीपरला जोडायचे इफेक्टचे छोटे प्रोग्राम, एकेक करून चढवले. त्यानंतर रीपर सुरू केलं की ते प्लगइन तपासायला लागायचं (यालाच स्कॅन म्हणतात), सुरुवातीच्या पडद्यावर त्यांची नावं सरकायची, एका कंप्रेसरच्या (आवाजातली चढउतार आवरणाऱ्या प्लगइनच्या) नावावर क्षणभर थांबायची आणि अख्खं रीपर नाहीसं व्हायचं. एररची चौकट नाही, काही नाही, थेट डेस्कटॉप.

दुसऱ्यांदा उघडलं की मात्र उघडायचं. खरी गोम त्यातच होती. रीपर स्कॅनचा निकाल ‘रीपर-व्हीएसटीप्लगइन्स६४’ या आयएनआय फाइलमध्ये लिहून ठेवतं, आणि स्कॅनमध्ये ज्या प्लगइनने पाडलं त्याला पुढच्या वेळी वगळून पुढं जातं. म्हणजे रीपर उघडतं, पण तो कंप्रेसर यादीत नसतो. पुतण्याला तो हवाच होता, म्हणून तो प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘क्लिअर कॅश अँड री-स्कॅन’ दाबायचा. कॅश, म्हणजे साठवलेला निकाल, पुसली की सगळी तपासणी नव्यानं, पुन्हा तोच कंप्रेसर, पुन्हा तेच. “दादा, दाबलं की उडतंय, आणि नाही दाबलं तर लिस्टात दिसंना झालंय,” असं त्यानं फोनवर सांगितलं.

मग दुसरा कंप्रेसर लावून मोकळं का व्हायचं नाही? जोतिबाची चैत्री यात्रा तोंडावर होती. एका मंडळाचं मागच्या वर्षीचं गाणं नवं कडवं घालून पुन्हा मिक्स करायचं होतं, आणि त्या प्रोजेक्टमध्ये हलगीवर आणि मुख्य आवाजावर हाच कंप्रेसर बसवलेला होता. रीपरची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. ट्रॅकची नावं, फेडर, पॅन सगळं तिथं वाचता येतं. प्लगइनची सेटिंग मात्र त्यात सांकेतिक अक्षरांच्या लांबलचक ओळींत साठवलेली असतात आणि ती त्या प्लगइनलाच कळतात. थ्रेशोल्ड किती, अटॅक किती हे बघायचं तर तोच प्लगइन उघडायला हवा. हलगीच्या थापेची धार ठेवून बाकीचा गोंगाट दाबणारं ते सेटिंग पुतण्याने बऱ्याच मेहनतीनं जमवलं होतं. ते टाकून द्या असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. काकांचं म्हणणं एवढंच होतं, “काय करायचं ते करा, पण मंडळाची पोरं सोमवारी येत्यात.”

एका तक्रारीत तीन आजार

‘स्कॅनिंगला उडतंय’ या शब्दांत पुतण्या तीन वेगळ्या गोष्टी सांगत होता हे मशीनसमोर बसल्यावर कळलं. त्या आधी वेगळ्या करणं भाग होतं, कारण तिन्हींची औषधं वेगळी.

पहिली, रीपर काही वेळा कोसळत नव्हतं, अडकत होतं. एका रिव्हर्बच्या (आवाजाला घुमारा देणाऱ्या प्लगइनच्या) नावावर पडदा थिजायचा, पुतण्या वाट बघून टास्क मॅनेजरमधून बंद करायचा. ऑल्ट आणि टॅब दाबून बघितलं तर सुरुवातीच्या पडद्यामागं त्या रिव्हर्बची लायसन्स विचारणारी खिडकी उघडी होती. उत्तराची वाट बघत ती थांबलेली आणि तिच्यामुळे रीपर थांबलेलं. त्या कंपनीचा लायसन्स मॅनेजर वेगळा उघडून नव्या मशीनवर ॲक्टिव्हेशन केलं, विषय संपला. अडकणं आणि कोसळणं यात फरक करायची सवय लावून घ्या. अडकलेल्या प्रोग्रामला बहुतेक वेळा कशाची तरी प्रतीक्षा असते, आणि ती गोष्ट पडद्यावर कुठंतरी झाकलेली असते.

दुसरी, काही प्लगइन ना अडकत होते ना पाडत होते, नुसतेच यादीत नव्हते. ते पुतण्याने इन्स्टॉलर न चालवता जुन्या मशीनमधून पेनड्राइव्हवर नुसत्या डीएलएल फाइली आणून टाकले होते. अशा फाइलींना मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रनटाइम लागतं, ते इन्स्टॉलरबरोबर आपोआप येतं. फाइल उचलून आणली की ते मागेच राहतं. रनटाइम टाकल्यावर ते सगळे दिसू लागले.

उरला तो कंप्रेसर. खरा कोसळणारा तोच.

स्कॅनमध्ये नेमकं काय होतं

स्कॅन म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची नावं गोळा करणं असा बऱ्याच जणांचा समज असतो. व्हीएसटी (प्लगइनचा एक प्रचलित प्रकार) प्लगइन ही प्रोग्रामचा तुकडा असलेली फाइल आहे. तिच्यात कोणता इफेक्ट आहे, किती चॅनेल आहेत, हे जाणून घ्यायला रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ती स्वतःच्या मेमरीत चढवतं आणि तिच्यातला कोड चालवतं. १९९९ च्या व्हीएसटी २ पद्धतीत तर आख्खा प्लगइन उभा केल्याशिवाय माहिती मिळतच नाही. दारात नाव विचारायची सोय नाही, पाहुण्याला आत घेऊन पानावर बसवायचं आणि मग विचारायचं, तुम्ही कोण. २००८ मध्ये आलेल्या व्हीएसटी ३ मध्ये नाव-गाव आधी सांगणारी वेगळी व्यवस्था आहे, प्लगइन उभा न करता ती वाचता येते. तरी फाइल मेमरीत चढवावीच लागते, आणि चढताक्षणी सेटिंग वाचणं, प्रीसेट शोधणं, लायसन्स तपासणं अशी कामं उरकणारे प्लगइन कमी नाहीत.

हा परका कोड रीपरच्याच प्रोसेसमध्ये चालतो. त्याने नको त्या पत्त्यावरची मेमरी वाचायचा प्रयत्न केला तर विंडोज ती प्रोसेसच बंद करतं, आणि प्रोसेस म्हणजे रीपर. म्हणून एका प्लगइनच्या दोषाने सगळं सॉफ्टवेअर जातं. क्यूबेस या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने २०१६ च्या ९ व्या आवृत्तीत सेंटिनेल नावाची व्यवस्था आणून पाडणारे प्लगइन आपणहून बाजूला काढायला सुरुवात केली, ॲपलचं लॉजिक ‘ऑडिओ युनिट’ प्रकारच्या प्लगइनची परीक्षा वेगळ्या प्रोसेसमध्ये घेतं. या व्यवस्थांनी सॉफ्टवेअर वाचतं. प्लगइन मात्र बाजूलाच पडून राहतो, आणि तोच हवा असेल तर कारण शोधण्यावाचून गत्यंतर नसतं.

माग काढताना

पडद्यावर शेवटचं दिसलेलं नाव हे संशयिताचं नाव, गुन्हेगाराचं असेलच असं नाही. आधी चढलेल्या प्लगइनने मेमरी बिघडवून ठेवलेली असते आणि बिचारा पुढचा पडतो, असंही होतं. खात्रीसाठी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेलो. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘ॲप्लिकेशन’, त्यात ‘ॲप्लिकेशन एरर’ या नावाची, १००० क्रमांकाची नोंद. प्रत्येक कोसळण्याची एक नोंद तिथं होती, आणि प्रत्येक नोंदीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून त्या कंप्रेसरचीच फाइल. एक्सेप्शन कोडच्या शेवटी सी००००००५. हा कोड म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन, नको त्या मेमरीला हात लावणं. दोन्ही गोष्टी जुळल्या.

ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅनच्या वेळी नाव दिसत नाही त्यांनी अर्धे प्लगइन बाहेर काढून बघावं, मग उरलेल्यातले अर्धे. २०० प्लगइन असले तरी ८ फेऱ्यांत एकावर येता. फक्त बाहेर काढताना त्याच फोल्डरमध्ये ‘बाद’ नावाचा नवा फोल्डर करू नका. स्कॅन आतल्या फोल्डरांतही शिरतो. फाइल ‘कॉमन फाइल्स’मधल्या ‘व्हीएसटी३’ फोल्डरच्या पूर्ण बाहेर, डी ड्राइव्हवर वगैरे ठेवा. आणि पुसू नका, हलवा.

पुढचा प्रश्न, हा एकटाही पडतो का. रीपरच्या इन्स्टॉलरमध्ये पोर्टेबल इन्स्टॉलचा पर्याय आहे. त्यानं होणारं रीपर आपली सगळी सेटिंग स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं, मूळ रीपरला धक्का लागत नाही. असं एक रीपर डी ड्राइव्हवर केलं आणि त्याला प्लगइनचा एकच फोल्डर दाखवला, ज्यात हा एकच कंप्रेसर. तरी कोसळलं. म्हणजे रीपरची जुनी सेटिंग सुटली, दुसऱ्या प्लगइनशी भांडण हा संशयही सुटला.

तोच इन्स्टॉलर माझ्या लॅपटॉपवर चालवला. तिथंही विंडोज ११, तेच रीपर. कंप्रेसर एका दमात स्कॅन झाला, उघडला, चालला. इथं बरेच जण ‘मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे’ म्हणून विंडोज नव्यानं टाकायला घेतात. पण प्लगइन एका मशीनवर चालतो आणि दुसऱ्यावर पडतो तेव्हा दोष प्लगइनमध्ये नाही असा अर्थ निघत नाही. दोष असतो, आणि त्याला जागं करणारी एखादी गोष्ट एका मशीनवर असते, दुसऱ्यावर नसते. ती गोष्ट शोधायची.

म्हणून त्याच मशीनवर एक नवं विंडोज खातं काढलं, नाव रोमन लिपीत चार अक्षरी ‘टेस्ट’. त्या खात्यातून रीपर उघडलं तर कंप्रेसर व्यवस्थित स्कॅन झाला. हार्डवेअर तेच, विंडोज तेच, प्लगइनची फाइल तीच. फरक खात्याचा. वाटलं, जुन्या खात्यात या प्लगइनची बिघडलेली सेटिंग पडली असतील, ती पुसली की झालं. प्रोग्राम आपली सेटिंग जिथं ठेवतात त्या ‘ॲपडेटा’मधल्या ‘रोमिंग’ फोल्डरमध्ये बघितलं तर पुसायला काहीच नव्हतं. टेस्ट खात्यात प्लगइनने तिथं आपला फोल्डर केला होता. स्टुडिओच्या खात्यात तो फोल्डर कधी तयारच झाला नव्हता.

सात प्रश्नचिन्हं

मायक्रोसॉफ्टचं ‘प्रोसेस मॉनिटर’ हे फुकट साधन कुठला प्रोग्राम कोणती फाइल मागतोय हे ओळीओळीनं दाखवतं. फिल्टरमध्ये फक्त रीपर ठेवलं, स्कॅन लावला, कोसळू दिलं आणि यादी शेवटापासून वर वाचत गेलो. शेवटच्या काही ओळींत हा रस्ता होता:

सी:\यूजर्स\???????\ॲपडेटा\रोमिंग\

आणि पुढे निकालाच्या रकान्यात ‘नेम इनव्हॅलिड’.

दुकानदाराने खात्याचं नाव ‘स्टुडिओ’ असं देवनागरीत ठेवलं होतं, त्यामुळे विंडोजने खात्याचा फोल्डरही देवनागरीत केला होता. प्रश्नचिन्हं मोजली, सात. आपण वाचताना स्टु, डि, ओ अशी तीन अक्षरं वाचतो. संगणक स, हलन्त, ट, उकार, ड, वेलांटी, ओ अशी सात चिन्हं साठवतो. एकेका चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह. हे जुळलं तेव्हा शंकेला जागाच उरली नाही.

झालं असं की विंडोजमध्ये प्रोग्रामला फाइलचं नाव देण्याघेण्याच्या दोन वाटा आहेत. एक युनिकोडची, तिच्यात जगातल्या सगळ्या लिपी बसतात. देवनागरी तर १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहे. दुसरी त्याआधीची, एएनएसआय कोडपेजची, म्हणजे अक्षरांच्या मर्यादित तक्त्याची. तिच्यात त्या मशीनच्या कोडपेजमध्ये जेवढी अक्षरं असतील तेवढीच मावतात, बाकीच्यांचं प्रश्नचिन्ह होतं. या प्लगइनच्या लेखकाने जुनी वाट धरली. विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणून ‘नेम इनव्हॅलिड’. सेटिंगची फाइल उघडली नाही, आणि ती उघडली की नाही हे न बघताच कोड पुढे वाचायला गेला. तिथंच सी००००००५.

रीपर स्वतः याच खात्यात सुखेनैव चालत होतं, कारण ते युनिकोडची वाट वापरतं. स्टुडिओतले बाकीचे प्लगइनही चालत होते.

हा दोष त्या लेखकाच्या नजरेला कधी का पडला नसेल, याचा मी विचार केला. पश्चिम युरोपातली उच्चारचिन्हं लावलेली अक्षरं १२५२ या कोडपेजमध्ये बसतात. जपानीला ९३२ आहे, सोप्या चिनीला ९३६. तिथल्या माणसाने आपल्या लिपीत खातं ठेवलं तरी त्याच्या मशीनवर बऱ्याचदा निभावून जातं. देवनागरीला विंडोजने असं एएनएसआय कोडपेज कधी दिलंच नाही. मराठी, हिंदी, नेपाळी या भाषा तिथं केवळ युनिकोडवर आहेत. जुन्या वाटेनं आमच्यासाठी दारच नाही, आणि म्हणून ज्या चुका इतरांकडे झाकल्या जातात त्या आमच्याकडे उघड्या पडतात. खात्याला मराठी नाव देण्यात दुकानदाराचं काही चुकलं नाही, काकांचंही नाही. आपल्या संगणकावर आपल्या लिपीत नाव लिहिणं हा साधा हक्क आहे. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाल्यावर जुन्या वाटेनं फाइल उघडणारा आणि ती उघडली का हे न तपासणारा कोड सदोष आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

कोणता उपाय, आणि कोणता नाही

आधी फोनवरच्या सल्ल्याने दुकानदाराने कंट्रोल पॅनेलमधून खात्याचं नाव रोमन लिपीत करून बघितलं. लॉगिनच्या पडद्यावर बदललं, ‘यूजर्स’मधला फोल्डर होता तसाच राहिला. विंडोजमध्ये दिसायचं नाव वेगळं आणि फोल्डरचं नाव वेगळं. फोल्डर खातं पहिल्यांदा उघडताना ठरतो, पुढे नाव बदलून तो बदलत नाही.

विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) शिरून फोल्डरचा रस्ता बदलता येतो. रोजच्या कामाच्या मशीनवर मी ते करणार नाही. बसवलेल्या कितीतरी प्रोग्रामांनी जुना रस्ता जसाच्या तसा लिहून ठेवलेला असतो, आणि मग एकेक दुखणं महिनाभर वर येत राहतं.

विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमध्ये, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ खाली, सिस्टिम लोकेल बदलायच्या खिडकीत ‘बीटा’ म्हणून एक चौकट आहे. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून ती आहे. तिच्यावर टिक केली की जुन्या वाटेलाही युटीएफ-८ हे युनिकोडचं रूप मिळतं, म्हणजे देवनागरी मावते. चौकट लावून मशीन पुन्हा सुरू केलं आणि कंप्रेसर स्टुडिओच्या खात्यातही स्कॅन झाला. निदान बरोबर असल्याची याहून पक्की पावती नाही. तरी ती टिक मी काढून टाकली. त्याच मशीनवर काकांचे धाकटे भाऊ पत्रिका आणि अल्बमची कव्हरं करतात, युनिकोडच्या आधीच्या काळातल्या फॉन्टवर. ते फॉन्ट १२५२ कोडपेजमधल्याच जागा वापरून मराठी दाखवतात. सगळ्या मशीनचं कोडपेज बदललं की अशा सॉफ्टवेअरमधला मजकूर विस्कटण्याची भीती असते. ज्या मशीनवर फक्त रेकॉर्डिंग चालतं, तिथं ही चौकट मी वापरून बघितली असती.

इथं नवं खातं हाच सरळ मार्ग होता. सेटिंग्जमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंट नसलेलं स्थानिक खातं काढलं, नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मग रीपरच्या ‘ऑप्शन्स’ मेनूतून जुन्या खात्यातला रिसोर्स फोल्डर उघडला आणि त्यातलं सगळं नव्या खात्यात नेलं: टेम्प्लेट, शॉर्टकट, एफएक्स चेन. स्कॅनच्या निकालाची ती आयएनआय फाइल तेवढी मागं ठेवली. ती नेली असती तर ‘हा पाडतो’ ही जुनी नोंदही बरोबर आली असती आणि बरा झालेला प्लगइनही वगळला गेला असता. प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर होते, त्यांना हात लावायची गरज पडली नाही. दोन प्लगइनची लायसन्स खात्याच्या फोल्डरमध्ये होती, ती पुन्हा भरावी लागली. जुनं खातं पुसलं नाही. ते भावांच्या पत्रिकांच्या कामाला राहिलं.

पहिला पूर्ण स्कॅन सुरू झाला तेव्हा आम्ही तिघं पडद्याकडं बघत उभे होतो. नावं सरकत गेली, कंप्रेसरचं नाव आलं आणि गेलं. मंडळाचा प्रोजेक्ट उघडला, हलगीच्या ट्रॅकवर सगळे आकडे जागच्या जागी होते.

प्लगइन बनवणाऱ्या छोट्या कंपनीला मी प्रोसेस मॉनिटरचा लॉग, इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंद आणि दोष पुन्हा दिसावा म्हणून काय करायचं ते लिहून पाठवलं: देवनागरी नावाचं स्थानिक खातं काढा, त्यातून रीपर उघडा. तुमच्याकडं असं काही सापडलं तर तुम्हीही पाठवा. ‘क्रॅश होतंय’ एवढ्याच पत्राचा त्यांना उपयोग नसतो. सात प्रश्नचिन्हं दाखवणारी ओळ पाठवली तर कोडमधली जागा त्यांना लगेच सापडू शकते.

काकांची एक हरकत राहिली होती. लॉगिनच्या पडद्यावर इंग्रजी नाव त्यांना नको होतं. खात्याचं नाव बदललं तरी फोल्डर बदलत नाही, ही दुकानदाराला नडलेली गोष्ट इथं कामाला आली. नवं खातं एकदा उघडून रोमन नावाचा फोल्डर तयार झाला होताच, त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधून दिसायचं नाव मराठीत केलं. नवं मशीन घेणाऱ्यांनी दुकानात हाच क्रम सांगावा: खातं आधी रोमन नावाने काढा, एकदा त्यात लॉगिन करा, आणि मग दिसायचं नाव हवं ते, हव्या त्या लिपीत ठेवा.